वार्तापत्रातली सहल आणि खरे आदानप्रदान

नौपाड्यातील पालक: शाळेच्या वार्तापत्राचे पान गेल्या आठवड्यात एका पालकांनी पालकांच्या या गटावर टाकले होते. नववीची मुले सहा दिवस सिंगापूरला जाणार, खर्च प्रत्येकी 1 लाख 65 हजार, आणि मथळा ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आदानप्रदान’. ज्यांना ही रक्कम जड वाटते त्यांनी मुलांच्या भवितव्याचा विचारच केलेला नाही, असे त्यांनी खाली लिहिले. ते वाक्य मला सहन झाले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सहलीला माझा विरोध नाही. तिला सहल म्हणावे. आदानप्रदानात मूल परक्या घरात राहते, तिथल्या शाळेत वर्गात बसते. एएफएस ही संस्था शाळकरी मुलांसाठी 1947 पासून हे काम करीत आहे, आणि रोटरीच्या दीर्घ मुदतीच्या कार्यक्रमातही मूल जवळजवळ शालेय वर्षभर यजमान कुटुंबांत राहते. अमेरिकेने 2002 साली सुरू केलेल्या केनेडी-लुगार ‘येस’ शिष्यवृत्तीतून भारतातली मुलेही वर्षभर अमेरिकेत शिकायला गेली आहेत. विमानभाडे, विमा, हातखर्च, सारे शिष्यवृत्तीतून. आमच्या वार्तापत्रात याची एक ओळही कधी आली नाही.

वाशीतील पालक: ते पान मीच टाकले होते. भवितव्याचे वाक्य मागे घेतो, बाकीचे घेत नाही. दिवस मोजायचे असतील तर जपानचा ‘सकुरा सायन्स’ कार्यक्रमही शाळकरी मुलांना थोड्याच दिवसांसाठी नेतो, त्याला आपण सहल म्हणाल का? आणि वर्षभर मूल बाहेर राहिले तर दहावी, अकरावीचा प्रवेश, प्रवेश परीक्षा यांचे काय? माझ्या भाच्याचे वर्ष असेच मागे पडले. त्याच्या बरोबरीची मुले अभियांत्रिकीला गेली तेव्हा तो बारावीत होता, आणि घरात त्या वर्षी कोणी धड जेवले नाही.

नेरूळ, निवृत्त शिक्षिका: ‘सकुरा’चे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. तो खर्च जपान उचलतो, आणि मुलांना विद्यापीठे व प्रयोगशाळा दाखवल्या जातात. सिंगापूरच्या त्या पानावर मला एकाही शाळेचे नाव दिसले नाही.

ऐरोलीतील पालक: सगळे पाठवण्याविषयीच बोलत आहेत; ठेवून घेण्याविषयी कोणीच नाही. आमच्याकडे अशाच एका आदानप्रदान संस्थेतर्फे एक जर्मन मुलगी काही महिने राहिली. घर दोन खोल्यांचे, माझी मुलगी आणि ती एकाच पलंगावर झोपत. पहिले पंधरा दिवस ती फक्त दहीभात खात होती. पुढे माझ्या सासूबाईंकडून ती भाकरी थापायला शिकली आणि सासूबाई तिच्याकडून ‘गुटन मॉर्गन’ शिकल्या. परत जाताना स्टेशनवर दोघी रडल्या.

घोडबंदर रोडवरील पालक: ऐकायला छान आहे. पण तरुण परकी मुलगी घरात, नवरा-बायको दोघेही लोकलने नोकरीला, आणि काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची? आमच्या सोसायटीत तर रात्री साडेदहानंतर पाहुणा आला तरी विचारणा होते. ज्यांच्याकडे मोठे घर आणि घरात माणसे आहेत त्यांनी आम्हाला उपदेश करू नये.

ऐरोलीतील पालक: दोन खोल्या असे मी स्पष्ट लिहिले आहे, ते तरी वाचा. जबाबदारीचे म्हणाल तर संस्थेचा स्थानिक स्वयंसेवक दर महिन्याला घरी येत असे, आणि मुलीचा विमा होता. भीती मलाही वाटली होती. पण आपण कोणालाही घरात घ्यायचे नाही आणि आपल्या मुलांना मात्र अमेरिकेतल्या अनोळखी माणसांनी वर्षभर फुकट सांभाळायचे, हे मला पटत नाही. ‘येस’च्या यजमान कुटुंबांना पैसे मिळत नाहीत.

घोडबंदर रोडवरील पालक: पैसे मिळत नाहीत हे मला ठाऊक नव्हते. तेवढे मान्य. मूल ठेवून घेण्याविषयीचे मत बदललेले नाही.

वाशीतील पालक: सिंगापूरला सहल म्हणायला माझी हरकत नाही, पैसे भरले आहेत, मुलगा जाईल. पण वर्ष वाया जाण्याच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

नौपाड्यातील पालक: वर्ष मागे पडू शकते, हे खरे आहे, आणि ते मी लपवणार नाही. माझी मुलगी आठवीत आहे. ‘येस’साठी वय साधारण 15 ते 17 लागते, म्हणजे ठरवायला आमच्याकडे थोडा वेळ आहे. तो निर्णय तिने आणि आम्ही मिळून घेऊ. पण त्यासाठी अशा संधीची बातमी वेळेवर हाती यायला हवी. पुढच्या पालकसभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी सभेआधी फाटकापाशी भेटावे.