शब्दचर्चा : 'स्वमग्न', 'न्यूरोडायव्हर्सिटी' आणि तपासणीच्या कागदावरचे काही शब्द

विचारणा

बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ अशा आम्हा काही जणांचे पुण्यात एक वाचनमंडळ आहे. ऑटिझमवरचे, शक्यतो स्वतः ऑटिस्टिक असलेल्या लेखकाचे पुस्तक वाचून आम्ही त्यावर बोलतो. पुस्तके इंग्रजी असतात, बोलणे मराठीत होते, आणि त्याचे टिपण पालकांनाही वाचता यावे म्हणून ते मराठीतच लिहायचे ठरले आहे. 'ऑटिझम'साठी रूढ झालेला 'स्वमग्नता' हा शब्द आम्ही ठेवावा का? 'न्यूरोडायव्हर्सिटी' (माणसामाणसांच्या मेंदूंच्या घडणीतली विविधता) आणि 'न्यूरोडायव्हर्जंट' (बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या घडणीच्या मेंदूची व्यक्ती) यांना काय म्हणावे? शिवाय 'मेल्टडाउन' (ताण असह्य होऊन ताबा सुटणे), 'मास्किंग' (आपले ऑटिस्टिक असणे लपवणे), 'एकोलेलिया' (ऐकलेले शब्द तसेच परत म्हणणे) यांच्यासाठी आमच्या क्षेत्रात जे मराठी शब्द वापरले जातात, ते निरीक्षणापेक्षा तक्रारीसारखे वाचले जातात. त्यांना पर्याय सुचवावेत.

प्रतिसाद

'स्वमग्नता' हा शब्द मूळ संज्ञेला धरूनच केलेला आहे. अडचण मूळ संज्ञेपासूनच सुरू होते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या 'ऑटोस' या ग्रीक शब्दावरून ती घडवली आणि १९११ च्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण म्हणून, म्हणजे बाहेरच्या जगाशी नाते तोडून आतल्या कल्पनाविश्वात राहणे या अर्थाने, वापरली. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरला बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी तोच शब्द उचलला. मुले वेगळी होती, नाव मात्र जुन्या कल्पनेचे राहिले.

मराठीत 'मग्न' शब्दाने त्यात भर घातली. विचारमग्न, ध्यानमग्न, कामात मग्न या सर्व प्रयोगांत माणूस आपल्या मनाने, बहुधा सुखाने बुडालेला असतो. त्यामुळे 'तुमचे मूल स्वमग्न आहे' हे ऐकणाऱ्या आईला 'त्याला आपण नकोच आहोत' असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात आवाज, उजेड आणि स्पर्श यांचा मारा सोसवत नाही, असे अनेक ऑटिस्टिक व्यक्तींनी लिहिले आहे, आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, संवेदनांना मिळणारा कमी-अधिक प्रतिसाद निदानाच्या निकषांतही आला. बाहेरचे जग नको तितके आत शिरते, हा अनुभव 'स्वमग्न' या शब्दात कुठेच मावत नाही.

तरीही तो शब्द टाकून देता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांच्या शासकीय मराठी यादीत 'स्वमग्न' आहे, आणि पालक सवलतींसाठी अर्ज करतात ते त्याच नावाने. म्हणून प्रमाणपत्रावर 'स्वमग्नता' आणि समजावून सांगताना 'ऑटिझम', 'ऑटिस्टिक', अशी विभागणी मी सुचवतो. 'आत्मकेंद्री' मात्र कोठेही वापरू नये. मराठीत तो स्वभावावरचा ठपका आहे.

प्रतिसाद

'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील जुडी सिंगर आणि अमेरिकी पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखनात दिसतो. त्याआधी काही वर्षे ऑटिस्टिक लोकांच्या आपसांतल्या ऑनलाइन चर्चांत ही कल्पना घडत होती. नमुना समोर होता तो जैवविविधतेचा. म्हणून मराठीतही 'विविधता' हेच उत्तरपद घ्यावे.

पूर्वपदाचे तीन पर्याय दिसतात. विश्वकोशातला 'तंत्रिका' हा शब्द घरात कोणी बोलत नाही. 'मज्जासंस्था' सर्वांना कळते, पण 'मज्जाविविधता' ऐकल्यावर 'मज्जा आली' यातली मज्जा आधी आठवते, हे गंभीर शब्दाला परवडणारे नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतला 'चेतासंस्था' मुलांच्या परिचयाचा आहे आणि त्यात चेतनेचा सूरही आहे. माझे मत 'चेताविविधता' या शब्दाला.

एक भेद टिपणात काटेकोरपणे पाळावा. विविधता समूहाची असते, त्या समूहात आपण सगळेच येतो. इंग्रजीत एकट्या मुलालाही 'न्यूरोडायव्हर्स' म्हणण्याची चूक सर्रास होते. मराठीत ती सहसा होणार नाही, कारण 'विविध मुले' म्हणता येते, 'विविध मूल' म्हणता येत नाही. एका व्यक्तीसाठी, म्हणजे 'न्यूरोडायव्हर्जंट'साठी, 'चेताभिन्न' म्हणावे. हे निदान नव्हे. एडीएचडी (अवधान टिकवण्यातली अडचण व अतिचंचलता) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असलेली व्यक्तीही चेताभिन्नच.

प्रतिसाद

मी स्वतः ऑटिस्टिक आहे आणि माझे निदान प्रौढपणी झाले, म्हणून 'ऑटिझमग्रस्त' या शब्दाबद्दल आधी लिहिते. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त या रांगेत मला उभे करू नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश सर्वेक्षणात ऑटिस्टिक प्रौढांचा कल 'ऑटिस्टिक' या विशेषणाकडे होता, तर व्यावसायिकांचा 'ऑटिझम असलेली व्यक्ती' या रचनेकडे. मराठीत दोन्ही चालतील. समोरच्याला विचारून ठरवावे.

मेल्टडाउनला 'हट्ट' किंवा 'आकांडतांडव' लिहिणे थांबले पाहिजे. हट्टाला काही हवे असते आणि ते मिळाले की तो संपतो. मेल्टडाउनमध्ये माणूस कोलमडतो, आणि हवी ती वस्तू हातात दिली तरी कोलमडणे थांबत नाही. 'कोलमडणे' हाच शब्द कागदावर यावा. बोलणे-हालणे बंद पडते त्या शटडाउनला मी 'मिटून जाणे' म्हणते.

मास्किंगसाठी 'मुखवटा' नको, कारण मराठीत मुखवटा चढवतो तो फसवायला. आम्ही टोमणे आणि शिक्षा टाळण्यासाठी हात आवरतो, डोळ्यांत बघण्याचा सराव करतो आणि घरी येऊन गळून जातो. 'स्वतःला झाकून वावरणे' असे सरळ लिहावे, शब्द लांबला तरी चालेल.

प्रतिसाद

एकोलेलियाला 'पोपटपंची' म्हणण्यात अर्थशून्यता गृहीत धरली जाते, पण वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले की लगेच केलेल्या अशा पुनरुक्तीलाही होकार, मागणी, आपली पाळी घेणे अशी संवादाची कामे असतात. तहानलेले मूल 'पाणी हवं का?' असे म्हणते, तेव्हा त्याने ऐकलेल्या वाक्यातूनच मागणी केलेली असते. 'पुनरुच्चार' हा शब्द पुरेसा आहे, आणि त्याच्यापुढे मूल तो कशासाठी करते हेही नोंदवावे.

विचारणा करणाऱ्याकडून

'चेताविविधता', 'चेताभिन्न', 'कोलमडणे', 'मिटून जाणे' आणि 'पुनरुच्चार' हे शब्द पुढच्या टिपणात घेत आहोत आणि 'ग्रस्त' वगळत आहोत. डीएसएम-५ मधल्या तीन पातळ्यांचा प्रश्न उरतो. त्या आधाराच्या गरजेवर ठरतात, पण मराठीत त्या 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' अशा लिहिल्या जातात, आणि 'सौम्य' वाचून शाळा आधार नाकारते. 'आधार लागतो', 'बराच आधार लागतो', 'फार मोठा आधार लागतो' असे लिहावे का, यावर मते हवी आहेत.