मदत हवी आहे : काटेपूर्णा आणि अडाण या नद्यांमधला जलविभाजक कसा शोधावा?
नमस्कार मंडळी. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या शाळेसाठी गावाभोवतालच्या नदी-नाल्यांचा नकाशा करतो आहे. इथं पाण्याच्या दोन वाटा होतात. त्या जिथून फुटतात ती उंचवट्याची रेषा म्हणजे जलविभाजक. काटेपूर्णा उत्तरेला अकोल्याकडे जाऊन पूर्णेला मिळते. तिथून तापी आणि अरबी समुद्र. अडाण मात्र अरुणावतीला सोबत घेऊन पैनगंगेला मिळते. पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. एकाच पावसाचं पाणी दोन समुद्रांकडे जातं, हे पोरांना धुऱ्यावर उभं करून दाखवायचं आहे.

अडचण अशी, की मधलं पठार फार सपाट. १:५०,००० च्या सर्वे ऑफ इंडिया नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) इतक्या दूर, की जलविभाजक नेमका कोणत्या शिवारातून जातो ते कळत नाही. त्यात रस्त्याच्या मोऱ्यांनी काही नाल्यांची दिशाच बदलली आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दर ३० मीटर अंतरावर जमिनीची एक उंची देणाऱ्या डेटावरून काढलेली रेषा अशा जागी भरवशाची असते का? मला तर भर पावसात वावरातून फिरून वाहतं पाणी पाहणंच जास्त पटतं. बारक्या नाल्यांची जुनी नावं गाव नकाशात मिळतील का? कारंजा, मालेगाव, मंगरूळपीर भागात कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.