अँटिस्केलंट दुप्पट केलं तरी आरओच्या पहिल्या स्टेजचा डीपी चढतोच आहे

युटिलिटी_शिफ्ट (प्रश्न)
नमस्कार मंडळी. बॉयलर मेकअपचा (बॉयलरमध्ये भर घालायच्या पाण्याचा) आरओ आहे, म्हणजे मेंब्रेनमधून पाणी गाळून क्षार काढणारा प्लँट. फीड तासाला 20 घनमीटर, रिकव्हरी 75% (फीडपैकी एवढं परमिएट म्हणजे शुद्ध पाणी, उरलेलं खारट पाणी रिजेक्ट), रचना 2:1 (पहिल्या स्टेजला दोन व्हेसल म्हणजे मेंब्रेनच्या नळ्या, दुसरीला एक), दर व्हेसलला 8 इंची 6 एलिमेंट (मेंब्रेनच्या गुंडाळ्या). कच्च्या टाकीत हायपो (क्लोरीन), मग पीएसी (गाळ गोळा करणारं अ‍ॅल्युमिनियमचं रसायन), मल्टिग्रेड फिल्टर, एसएमबीएस (क्लोरीन काढणारं रसायन), अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारं रसायन), 5 मायक्रॉन कार्ट्रिज फिल्टर, हाय प्रेशर पंप असा क्रम. फीडचा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) 1400, हार्डनेस 480, सिलिका 32, पीएच 7.8.

दोन महिन्यांत पहिल्या स्टेजचा डीपी (आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक) 1.4 वरून 2.3 बार झाला, दुसरीचा 1.1 वरून 1.2. तेवढंच परमिएट काढायला फीड प्रेशर 11 वरून 13.5 बारवर न्यावं लागलं. याच काळात पाण्याचं तापमान 31 वरून 26 अंशांवर आलं. हार्डनेस बघून स्केलिंग (क्षारांचा थर बसणं) असणार असं धरलं आणि अँटिस्केलंट 3 वरून 6 पीपीएम केलं. फरक शून्य. सायट्रिक अ‍ॅसिडने सीआयपी (मेंब्रेन जागेवरच रसायनाने धुणं) केली, आठ दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. डोस अजून वाढवू का? वरून रिकव्हरी 80% करायचीही मागणी आहे.

आरओ_प्रोसेस
डोस वाढवू नका, परत 3 वर आणा. स्केलिंग शेपटाकडून सुरू होतं. 75% रिकव्हरीला क्षार चौपट होतात, पण ते शेवटच्या व्हेसलच्या शेवटच्या एलिमेंटपाशी. पहिल्या एलिमेंटला तुमचं साधं फीडच मिळतं, तिथे कॅल्शियम बसायचं कारण नाही. तुमची दुसरी स्टेज जवळपास जागच्या जागी आहे आणि पहिली चढली आहे. हे फाउलिंग आहे: गाळ, पीएसीचा वाहून आलेला अंश किंवा जंतूंचा थर.

प्रेशरच्या आकड्यातून तापमानही वजा करा. दर अंशाला मेंब्रेनचा फ्लो साधारण 3% बदलतो. 5 अंश उतरले म्हणजे 15%, त्यामुळे वाढलेल्या अडीच बारपैकी सुमारे एक बार निव्वळ थंड पाण्याचा आहे. नॉर्मलाइज न केलेल्या (तापमान वगैरेचा परिणाम वजा न केलेल्या) लॉगशीटवरून सीआयपी ठरवली की हमखास चुकते. नॉर्मलाइज्ड फ्लो 10% उतरला किंवा डीपी 15% चढला की सफाई करायची. तुमचा डीपी 60% वर गेला आहे, म्हणजे उशीर झालाय.

आता दोन गोष्टी करा. पहिल्या स्टेजच्या एका व्हेसलची फीडकडची एंड कॅप उघडा आणि एलिमेंटच्या तोंडावरचा थर बोटाने खरवडून बघा. बुळबुळीत आणि कुबट वासाचा असेल तर जंतू. खरखरीत पांढरा असून अ‍ॅसिडच्या थेंबाने फसफसला तर कार्बोनेट. दुसरं, एसडीआय (पाणी मेंब्रेन किती चोंदवेल हे सांगणारा आकडा) एकाच ठिकाणी न घेता मल्टिग्रेडनंतर आणि कार्ट्रिजनंतर असा दोनदा घ्या. 0.45 मायक्रॉनचा कागद, 2.1 बार प्रेशर, 500 मिली भरायला लागलेला वेळ आधी आणि पाणी वाहतं ठेवून 15 मिनिटांनी पुन्हा. सुरुवातीला 30 सेकंद आणि नंतर 75 सेकंद लागले तर एसडीआय 4 येतो. 5 च्या वर चालणार नाही, 3 च्या आत असावा.

युटिलिटी_शिफ्ट
उघडलं. तपकिरी, शेंबडासारखा थर, स्पेसरच्या जाळीत घट्ट बसलेला. अ‍ॅसिडने फसफसत नाही. एसडीआय मल्टिग्रेडनंतर 3.2, कार्ट्रिजनंतर 4.8! कार्ट्रिज तीन महिन्यांचे आहेत. अँटिस्केलंट 5% करून 200 लिटरच्या टाकीत ठेवतो.

मेंब्रेन_सीआयपी
मग दोष त्या दोन नमुन्यांच्या मधेच आहे. मल्टिग्रेड त्याचं काम बऱ्यापैकी करतोय. पाणी त्याच्या पुढे बिघडतंय. 5% अँटिस्केलंट फार पातळ आहे, अशा टाकीत जंतू वाढतात आणि पंप ते थेट मेंब्रेनवर ढकलतो. 10% च्या खाली पातळ करू नका, परमिएटमध्येच कालवा आणि तीन-चार दिवसांत संपेल एवढंच करा. 20 घनमीटरला 3 पीपीएम म्हणजे तासाला 60 ग्रॅम, 10% द्रावण मिनिटाला 10 मिली. हे पंपाच्या नॉबवर न ठरवता मोजनळी लावून ठरवा. टाकी रिकामी करून आतून घासून घ्या.

क्लोरीन काढल्यानंतरचं पाणी उघडं पडतं, त्यामुळे तीन महिने जुना कार्ट्रिज हेच जंतूंचं घर होतं. डीपी चढायची वाट न बघता महिन्याने बदला. एसएमबीएस 1 पीपीएम क्लोरीनला 3 पीपीएम पुरे. जास्त ओतल्याने सुरक्षितता वाढत नाही. पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि त्यात वाढणाऱ्या जंतूंचं फावतं.

सायट्रिकने आठ दिवसच का टिकलं? जैविक थरावर आधी अ‍ॅसिड गेलं की तो आकसून घट्ट बसतो. आधी अल्कली, मग अ‍ॅसिड. पहिल्या स्टेजला 12 एलिमेंट, दर एलिमेंटला 40 लिटर धरून सुमारे 500 लिटर द्रावण करा: कॉस्टिक 500 ग्रॅम, एसडीएस (डिटर्जंट) 125 ग्रॅम, पीएच 12, तापमान 30 अंश. त्यापुढे जायचं असेल तर तुमच्या मेंब्रेनची पीएच-तापमान मर्यादा आधी बघा. दर व्हेसलला तासाला 8 घनमीटर, म्हणजे दोन्हींना मिळून 16. पहिलं परतणारं काळं पाणी ड्रेनला सोडा. अर्धा तास फिरवा, एक तास भिजवा, पुन्हा फिरवा; रंग चढत राहिला तर द्रावण टाकून नवीन करा. धुऊन झाल्यावर 2% सायट्रिक. दोन्ही स्टेज वेगवेगळ्या धुवा, नाहीतर पहिल्याची घाण दुसरीत जाऊन बसते.

पुन्हा वाढू नये म्हणून आठवड्याला डीबीएनपीए (क्लोरीन नसलेलं जंतुनाशक) 20 पीपीएम, तासभर. एसएमबीएस त्याला मारून टाकतं, म्हणून तेवढा वेळ ते बंद ठेवावं लागतं. पण त्याआधी हायपो थांबवून फीडमध्ये क्लोरीन शून्य आहे हे तपासल्याशिवाय एसएमबीएसला हात लावू नका, मेंब्रेनचं पॉलिअमाइड क्लोरीनने कायमचं जातं. त्या वेळचं परमिएट ड्रेनला.

आरओ_प्रोसेस
80% बद्दल. 32 सिलिका आज रिजेक्टला 128 होते. 25 अंशांना ती सुमारे 120 पर्यंतच विरघळलेली राहते. 80% ला क्षार पाचपट, म्हणजे 160. साधं अँटिस्केलंट सिलिका धरत नाही, त्यासाठी खास सिलिकाचं लागतं. त्यात तुमच्याकडे पीएसी आहे. फीडमध्ये अ‍ॅल्युमिनियम 0.05 पीपीएमच्या वर गेलं तर सिलिका त्याच्यासोबत मर्यादेच्या आधीच बसते, आणि बसलेली सिलिका सीआयपीने निघत नाही म्हटलं तरी चालेल. शेवटच्या व्हेसलचा रिजेक्ट 5 वरून 4 घनमीटरवर येईल, तोही किमान 3.6 च्या अगदी जवळ. आधी अ‍ॅल्युमिनियम मोजा, पीएसीचा डोस जार टेस्टवर (भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून बघून) ठरवा, आणि पहिल्या स्टेजचा डीपी सलग महिनाभर 1.5 च्या आत राहिल्याशिवाय रिकव्हरीला हात लावू नका.