'ठिकाणा'ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: राजस्थानातल्या मेवाडमधल्या सलूंबरच्या चूंडावत या राजपूत सरदारघराण्यावरचा हिंदी लेख मराठीत आणतेय. मुळात त्यांच्या मुलखाला सगळीकडे 'ठिकाणा' आहे, मी तोच ठेवला. संपादकांनी सरसकट 'जहागीर' केलं. वाचकाला छपाईची चूक वाटेल म्हणे. पण जहागिरीत फक्त जमीन आणि वसूल दिसतो. राणा लाखाचा थोरला मुलगा चूंडा, या घराण्याचा मूळपुरुष, यानं सावत्र भाऊ मोकलसाठी गादीवरचा हक्क सोडला. म्हणून राण्याच्या दानपत्रांवर या घराण्याची भाल्याची खूण उमटायची. गढी, गावं, दरबारातली बैठक, हा मान, सगळं मिळून ठिकाणा!

गडवाट: मराठेशाहीतल्यासारखं सरंजाम म्हणा. मुलूख घ्यायचा, स्वार घेऊन चाकरीला जायचं. वेगळं काय आहे?

मोडीवाला: खूप वेगळं आहे. सरंजाम सरकार काढून घेई, बदलून देई. ठिकाणा पिढ्यान्‌पिढ्या एका घरात. वतनाच्या जवळचा.

गडवाट: पिढीजात, पण आपोआप नाही. मेवाडात वारसाची 'तलवार बंधाई', म्हणजे वारसा मान्य करण्याचा विधी, राण्याकडून व्हायची, मारवाडात 'हुकमनामा' म्हणून रक्कम भरावी लागे. शिवाय मुघल दफ्तरात 'वतन जागीर' म्हणजे जयपूरकडच्या आमेरसारखं राजाचं स्वतःचं राज्य. ठिकाणा त्या राज्याच्या पोटातला. वतन लिहिलंत तर घोटाळा पक्का.

शुद्धमती: जहागीर, वतन, सरंजाम, सगळे फारसी-अरबीतून आलेले. 'ठिकाणा' घरचा शब्द, स्थानाच्या कुळातला. तो हाकलून जहागीर कशाला?

मोडीवाला: जहागीर चारशे वर्षं मराठीत नांदतेय, ती परकी कशी? राजस्थानात १९५२ साली ही व्यवस्था मोडणारा कायदा झाला, त्याच्याही नावात 'जागीर'च आहे.

शुद्धमती: ते कायद्याच्या कागदावरचं नाव. माणसं अजून ठिकाणाच म्हणतात.

आगरकन्या: आपल्याकडे 'ठावठिकाणा' पुल्लिंगीच आहे ना? मग छपाईची चूक कोणाला वाटेल? आणि आमच्या राजापूरकडे नारळी-पोफळीच्या जमिनीला 'ठिकाण' म्हणतात. आजी म्हणायची, "खालच्या ठिकाणात पाणी सोड."

गडवाट: आमच्या साताऱ्यात असं कोणी म्हणत नाही. ते आगर.

आगरकन्या: आगर वेगळं! खरेदीखतातही 'ठिकाण' लिहिलेलं मी वाचलंय.

मोडीवाला: भातखाचरालाही म्हणतात का, की फक्त बागायतीला?

बोरू: सलूंबरचं काय करू? उद्या मजकूर द्यायचाय.

आगरकन्या: वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीलाही म्हणतात, मोडीवाला. भातखाचराचं काकाला विचारून सांगते.