विन्यालेसची तंबाखू-शेतफेरी: सिगारची चव शेतावरच घ्यावी का?

धूम्रकेतू: क्युबात विन्यालेसच्या शेतफेऱ्यांचा क्रम ठरलेला. शेत, झावळ्यांनी शाकारलेलं वाळवणघर, शेतकऱ्याने समोर वळलेली सिगार, आणि तिचं टोक मधात बुडवून पाहुण्याच्या हातात. याला टेस्टिंग म्हणतात, आक्षेप इथेच आहे. मध लावल्यावर कळते ती मधाची चव. त्यात ही पानं शेतकऱ्याच्या वाट्याच्या 10 टक्क्यांतली (90 टक्के पीक सरकारकडे जातं), घरीच आंबवलेली. आंबवण अर्धवट राहिली की पानात अमोनिया उरतो, नाकाला झोंबतो, जीभ चरचरते. शेत विन्यालेसला बघा, चव हवानात मुरलेल्या सिगारची घ्या.

शेतकीवाला: साफ असहमत. हवानातल्या सिगारमध्ये पानांचं मिश्रण असतं, कुठल्या पानाने काय केलं ते कळायला मार्ग नाही. शेतावर तो असतो. रोपाच्या तळाचं व्होलादो छान जळतं, चव बेताची. मधलं सेको सुवासासाठी. शेंड्याकडचं लिहेरो ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, कडक. तिन्हींच्या बोटाएवढ्या एकपानी सुरळ्या वळून मागा. प्रत्येकीचे चार-पाच झुरके, मधे पाणी, लिहेरो सर्वांत शेवटी. मध नको म्हणून आधीच सांगायचं, विषय संपला. वळताना हातांकडे लक्ष ठेवा: लिहेरो सावकाश जळतं म्हणून ते बरोबर मधोमध ठेवतात. कडेला सरकलं की ती बाजू मागे राहते आणि सिगार तिरकी जळते.

खडूस: आणि ‘मधली शीर काढली, निकोटिन गेलं’ हे फेरीतलं लाडकं वाक्य? थाप आहे. निकोटिन शिरेपेक्षा पात्यात जास्त असतं. शीर काढतात ती वळताना अडू नये आणि जळणं एकसारखं व्हावं म्हणून. पाहुणा मात्र निर्धास्त होऊन रिकाम्या पोटी ओढत बसतो. सिगारचा धूर अल्कधर्मी, छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. घाम फुटला, मळमळलं, की सिगार खाली ठेवायची, पाणी आणि काहीतरी गोड घ्यायचं. तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही धूर आत न घेतल्याने टळत नाही.

धूम्रकेतू: एकपानी सुरळ्या अभ्यासाला ठीक, आस्वादाला नाहीत. आणखी एक. ताजी सिगार ओली असते, कारण पान फाटू नये म्हणून वळण्याआधी त्याला ओल देतात. ओली सिगार सारखी विझते, माणूस जोर लावून ओढतो, जळतं टोक तापतं आणि कडवटपणा येतो. दोष मग तंबाखूच्या माथी. खरं तर मिनिटाला एक झुरका पुरतो.

मंद_आच: तुमचं सगळं विन्यालेसभोवतीच फिरतंय. ते देखणं आहे, वादच नाही. पण पानासाठी नावाजलेला मुलूख व्हुएल्ता आबाहो, म्हणजे सान लुईस, सान हुआन इ मार्तीनेस. वेष्टनाचं पान तिथे कापडी मांडवाखाली वाढवतात, म्हणून ते पातळ आणि एकरंगी येतं. तोडणी जानेवारी ते मार्च. ऑगस्टमध्ये जाऊन शेतात तंबाखू शोधू नका. आणि पहाटे दवाने भिजलेल्या पानांत हात घालू नका, निकोटिन कातडीतूनही भिनतं.

शेतकीवाला: तोडगा सोपा आहे. शेतावर एक ओढा, बाकीच्या घरी मुरवा. कागदपत्रांशिवाय 20 सुट्या सिगार क्युबाबाहेर नेता येतात. त्यांत तंबाखूकिड्याची अंडी असू शकतात, म्हणून ओल उतरल्यावर हवाबंद पिशवीत उणे 18 अंशांवर तीन दिवस, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मगच बाहेर. थेट बाहेर काढली तर वेष्टन तडकतं. पुढे सहा महिने 65 टक्के आर्द्रतेत.

खडूस: मुरवणं वेगळं, आंबवणं वेगळं. डब्यात उरलासुरला अमोनिया उडेल, कबूल. पण अर्धवट राहिलेली आंबवण पुरी व्हायला पानांची मोठी थप्पी, तिचा दाब आणि आतून चढणारी ऊब लागते. 20 सिगारच्या डब्यात ती कुठून येणार?