‘युफोरिया मॉर्निंग’ चोथा आहे म्हणे!

अर्धविराम
साउंडगार्डन या अमेरिकन रॉक बँडचा गायक क्रिस कॉर्नेल याच्या १९९९ च्या पहिल्या एकल अल्बमबद्दल परवा ड्रॉपडी यांनी दुसऱ्या धाग्यावर लिहिलं, "युफोरिया मॉर्निंग म्हणजे साउंडगार्डनमधून गिटार पिळून काढली की उरतो तो चोथा. कॉर्नेलला बँडचा टेकू लागायचाच." तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण तो चोथा दोन दिवस दातात अडकून बसलाय.

आधी टेकूचं बघू. १९९२ च्या ‘सिंगल्स’ सिनेमासाठी ‘पर्ल जॅम’ बँडच्या जेफ अमेंटने एका काल्पनिक गायकाच्या कॅसेटवर गाण्यांची नुसती नावं लिहिली होती. कॉर्नेलने त्या नावांची खरोखरची गाणी करून आणली. एकट्याने. त्यातलं ‘स्पूनमन’ साउंडगार्डनने उचललं, ‘फ्लटर गर्ल’ सात वर्षांनी या अल्बमवर आलं. मग टेकू कोणाचा कोणाला होता?

दुसरं म्हणजे, एप्रिल १९९७ मध्ये बँड फुटला आणि मे संपता संपता गायक जेफ बकली मेम्फिसच्या नदीत बुडून गेला. जवळचा मित्र. ‘वेव्ह गुडबाय’ त्याच्यासाठीच आहे. अशा माणसाने पुन्हा साउंडगार्डनच्या ‘बॅडमोटरफिंगर’ अल्बमच्या पट्टीत किंचाळून दाखवायचं? ते त्याला येतच होतं. इथे तो दम राखून गातो, आणि अ‍ॅलन जोहानेस आणि नताशा श्नायडर हे दोघं साथीदार वादक त्याच्याभोवती जागा मोकळी ठेवतात. ती मोकळी जागा ज्यांना ऐकू येत नाही त्यांना गिटार कमी वाटणारच.

ड्रॉपडी
वा, नाव घेऊन धागा. आभारी आहे.
मोकळ्या जागेला आमच्यात पोकळी म्हणतात. आणि ‘टेकू नव्हता’ म्हणताना पुढच्याच परिच्छेदात जोहानेस-श्नायडर? ते दोघं ‘इलेव्हन’ बँडचेच ना? निर्मिती त्यांची, वाद्यं त्यांची, दौऱ्यावरही तेच. एक टेकू काढून दुसरा लावला, एवढंच झालं. चोथा शब्द मागे घेत नाही.

टाळकुट्या
ड्रॉपडींशी निम्मा सहमत. मी ड्रमर आहे, त्यामुळे कोणी विचारत नाही, तरी सांगतो. या अल्बममधल्या ‘डिसअपिअरिंग वन’वर साउंडगार्डनचा ड्रमर मॅट कॅमेरॉन वाजवतो. ते एकच गाणं काढून ऐका, मग बाकीची ऐका. बाकी ठिकाणीही वाजवणारे बेताचे नाहीत, पण कॅमेरॉन आला की गाणं पुढे झुकून चालायला लागतं. गायक आणि गिटारवाले भांडत बसतात, तालाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आमच्या बँडमध्ये पण हेच. पोस्टरवर चौघांची नावं, माझं चुकलेलं.

रातराणी
मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. यातलं ‘प्रीचिंग द एंड ऑफ द वर्ल्ड’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एका मैत्रिणीशी तीन वर्षं बोलले नव्हते. त्यात जग संपणार म्हणून एक माणूस शेवटचे दिवस सोबत घालवायला कोणीतरी शोधत असतो. गाणं संपल्यावर मी तिला फोन लावला. तिने उचलला नाही. पण लावला ना! साउंडगार्डन ऐकून मी कधी कोणाला फोन केलेला नाही.

ड्रॉपडी
साउंडगार्डन ऐकताना फोनची रिंग ऐकूच येत नाही. हाच तर मुद्दा आहे.

बी_साइड
टेकूवरून एवढं रामायण चाललंय आणि कॉर्नेलच्याच २००९ च्या ‘स्क्रीम’ अल्बमचं कोणी नावही घेत नाही? हिपहॉप निर्माता टिंबालँडला हाताशी धरून आपल्याच गळ्यावर हिपहॉपची इस्त्री फिरवली. मुखपृष्ठावर गिटार फोडायच्या पवित्र्यात उभा, म्हणजे निदान प्रामाणिकपणा होता म्हणायचा. ‘नाइन इंच नेल्स’च्या ट्रेंट रेझ्नरने ट्विटरवर जाहीर टोपी उडवली, ती उगाच नाही.

रातराणी
झालं! हे येणारच होतं. ‘स्क्रीम’ मला आवडतो. हो, आवडतो, घ्या. एक गाणं दुसऱ्यात सरकत जातं, मध्ये थांबायला जागाच नाही. घटस्फोटाची सही करून रात्री एकटी गाडी चालवत होते तेव्हा मला नेमकी तीच गोष्ट हवी होती. थांबलं असतं तर मीही थांबले असते. तुमच्या शुद्ध रॉकने त्या रात्री काय केलं असतं?

बी_साइड
ताई, तुमच्या दुःखाचा आदर आहे. पण दुःखात चांगली वाटलेली प्रत्येक गोष्ट चांगली नसते. मी ब्रेकअपनंतर जाहिरातीची जिंगल ऐकून रडलोय.

निशाचर
@बी_साइड, आदर आहे म्हणून लगेच जिंगलशी तुलना? कैच्याकै. रेझ्नरचा दाखला देताय तर पुढचंही सांगा. २०१४ मध्ये त्याचाच बँड साउंडगार्डनबरोबर एकत्र दौऱ्यावर होता. त्यांचं त्यांनी मिटवलं, तुमचं पंधरा वर्षांनी पेटतंच आहे.

बी_साइड
दौरे मैत्रीखातर होत नाहीत, तिकिटांसाठी होतात. आणि माझं काही पेटलेलं नाही. वाईट अल्बमला वाईट म्हटलं की लोक अंगावर येतात, एवढंच निरीक्षण नोंदवतो.

अर्धविराम
धागा १९९९ च्या अल्बमवर आहे हो. ‘स्क्रीम’साठी वेगळा काढा, तिथे येऊन मीही चार शिव्या घालीन.

निशाचर
वेगळा कशाला? तुम्हीच म्हणालात ना, माणसाने पुन्हा तेच का करावं म्हणून? मग २००९ मध्येही त्याने पुन्हा तेच केलं नाही. १९९९ मध्ये बदलला तर प्रगल्भ आणि २००९ मध्ये बदलला तर वाट चुकला, हे कसं काय बुवा?

अर्धविराम
... पकडलंत. बदलणं म्हणजे आपोआप चांगलं, असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिलंय तसंच. मान्य. (रातराणींसाठी ‘स्क्रीम’ परत ऐकणार नाही मात्र.)

जुना_टेपरेकॉर्डर
तुम्ही बहुतेक सगळे कॉर्नेलला २००६ च्या बाँडपटाच्या गाण्यावरून ओळखायला लागलात, म्हणून हे वाद. असो. या अल्बमच्या मूळ नावात ‘मॉर्निंग’ शोकाचं (mourning) होतं. तेव्हाच्या मॅनेजरने सुचवलं म्हणून ‘u’ हे एक अक्षर गाळून सकाळ (morning) केली. २०१५ मध्ये अल्बम पुन्हा काढला तेव्हा कॉर्नेलने ते अक्षर परत बसवलं. आपल्याकडे लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे या धाग्याचं शीर्षक बरोबर की चूक हे देवालाच ठाऊक. रच्याकने (बाय द वे), माझ्याकडे जुनी प्रत आहे, सकाळवाली.

निशाचर
नावाचं ठीक, पण २०१७ मध्ये कॉर्नेलने आत्महत्या केली तेव्हापासून जो तो या गाण्यांमध्ये भविष्यवाणी शोधतोय त्याचा वैताग येतो. माझ्या भावाच्या बाबतीतही लोक असंच करतात. जुने फोटो काढून म्हणतात, बघ, तेव्हाच डोळ्यांत दिसत होतं. काही दिसत नव्हतं. तो फोटोत आंबट चेहरा करायचा, बस. १९९९ मध्ये तो अल्बम उदास होता, कारण माणूस उदास गाणी उत्तम लिहायचा. त्याला तेवढं तरी कसब म्हणून द्या.

रातराणी
निशाचर, हे आधी लिहायला हवं होतंत. बाकी सगळं त्यापुढे फालतू आहे.

टाळकुट्या
+१. (ताल सोडून.)

जुना_टेपरेकॉर्डर
बाँडपटाचं मागे घेतो. उगाच लिहिलं.
एक सांगतो. नताशा श्नायडर २००८ मध्ये कॅन्सरने गेली. पुढे एकट्याच्या मैफलींत कॉर्नेल या अल्बममधलं ‘व्हेन आय’म डाउन’ गायचा तेव्हा मंचावर रेकॉर्ड प्लेअर असायचा. तबकडीवर फक्त तिचा पियानो. सुई ठेवायची, आणि तिच्या वाजवण्यावर हा गाणार. ड्रॉपडी, टेकूचं म्हणत होतात ना तुम्ही? होताच टेकू. तो लपवतही नव्हता.

ड्रॉपडी
काल रात्री अल्बम पुन्हा लावला. पूर्ण, बारा गाणी. ‘मिशन’ला झोप आली, शेवटची तीन एकात एक मिसळली. मत तेच.
पाचव्या गाण्यातला (तेच, ‘व्हेन आय’म डाउन’) पियानो चांगला आहे. त्यात गायकाचा संबंध नाही.

अर्धविराम
"चांगला आहे." स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ड्रॉपडी
पियानो म्हटलंय. पियानो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

बी_साइड
पण टिंबालँडचं काय ठरलं?