समुद्राकाठची जुनी गाडी : घरच्या घरी काय काय करता? अनुभव लिहा

देवगड (धागाकर्ता)
मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण आमच्या वाडीत त्या अजून रोज धावतात. एक माझ्या खळ्यात (अंगणात) उभी असते, जुनी, कार्ब्युरेटरवाली. माझं ठाम मत असं की आपल्याकडे गाडी किलोमीटरने मरत नाही, साठलेल्या पाण्याने मरते. आमचे मेस्त्री म्हणतात, "जंय पाणी साठता, थंय गंज लागता."

म्हणून मिरग लागायच्या आधी माझं ठरलेलं काम असतं. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती बारीक तारेने मोकळी करायची. वायपरखालच्या जाळीतली आंब्याची पानं उपसायची. ती कुजून वाट अडवतात, मग पाणी आत पायाशी उतरतं आणि मॅटिंगखालचा पत्रा आतून खातं. वरून कळतही नाही. मडगार्डच्या आतला लाल चिखल नळीने धुवायचा, कारण तो दिवसेंदिवस ओला राहतो आणि पत्र्याला चिकटून बसतो.

तुम्ही स्वतःच्या हाताने जे केलं असेल ते लिहा. गाडी कुठली आणि किनाऱ्यापासून किती आत उभी असते, तेही सांगा.

हर्णै
आमची ओम्नी, बंदरावरून मासळी नेते. बर्फाचं पाणी आणि मिठवणी सगळं मागच्या फ्लोअरवर गळतं. घरी आलो की मॅट बाहेर काढतो, गोड्या पाण्याने फ्लोअर धुतो आणि दारं उघडी ठेवून वारा लागू देतो. मागचे स्प्रिंगचे पाटेही धुवावे लागतात, पाट्यांच्या मधल्या फटीत मीठ बसतं.
एक महत्त्वाचं. गंजावर थेट अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या पोटाला मारायचा काळा लेप) मारू नका. आत ओल कोंडते आणि वरून काळं कुळकुळीत दिसत असताना खाली चाळण होते. आधी तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, कडक उन्हात सुकवायचं, रेड ऑक्साइड (गंजरोधक प्राइमर) मारायचं, मग कोटिंग. हे काम एप्रिल-मेमध्येच. पावसात केलेलं टिकत नाही.

वेंगुर्ला
पप्पांची प्रीमियर पद्मिनी आता मी सांभाळते. गावात तिला सगळे फियाटच म्हणतात. श्रावणात सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, तेव्हा आधी बॅटरीवर संशय घेऊ नये. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आतून कोरड्या सुती फडक्याने पुसायची, प्लगच्या वायरी पुसायच्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर गाडी लागते. नाही लागली तर टोपीखालचे पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) बघायचे. काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने हलके घासून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावायची. हे पप्पांनी मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, सुकवून, व्हॅसलिन लावते.

चिपळूण
जुलै २०२१ च्या पुरात आमची महिंद्रा जीप बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर शेजारचे सगळे म्हणाले, "दादा, एकदा सेल्फ मारून बघा." मी कुणाला चावी लावू दिली नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी बॅटरी सोडवली. इंजिन ऑइल काढलं, तर चहासारखं दुधाळ. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचंही तसंच. डिझेल टाकी उतरवून धुतली. मग इंजेक्टर काढून क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, भोकांतून गढूळ पाणी उडालं. पाणी यायचं थांबेपर्यंत फिरवत राहिलो आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं. स्टार्टर आणि डायनामो उघडून सुकवले, चारही ड्रम उघडून चिखल काढला. नवीन ऑइल आणि फिल्टर घालून, डिझेल लाइनची हवा काढून गाडी सुरू केली. थोडी चालवून ते ऑइल पुन्हा बदललं, कारण कोपऱ्याकोपऱ्यात राहिलेलं पाणी त्यातच मिसळतं. ब्रेक ऑइलही संपूर्ण बदला. ते हवेतली ओलसुद्धा ओढून घेतं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल कुंभार्ली घाट उतरताना तापून उकळलं की पेडल खाली बसतं.

मालवण
वरच्या सगळ्यांना हात जोडून विनंती. चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) गाडी टेकवून खाली शिरू नका. भिंतीत चिरा भक्कम असतो, पण एका जागी भार आला की फुटतो, पावसात भिजलेला तर लवकरच. लोखंडी स्टँड घ्या. मातीच्या खळ्यात जॅकखाली जाड फळी ठेवा आणि उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावा.

गुहागर
देवगडच्या काकांना एक सांगायचंय. तुमची ८०० कार्ब्युरेटरची आहे, तर पेट्रोलचे रबरी पाइप एकदा वाकवून बघा. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून ते बनवलेले नाहीत. फुगतात, मऊ पडतात, बारीक भेगा जातात. माझ्या गाडीत बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे बदलले. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल ओल धरतं. आणि नवीन पाइपाबरोबर क्लिपाही नव्या घ्या. गंजलेली क्लिप आवळताना पाइपच कापते.